मापक खोलीतील खिळा

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
भूचुंबकीय नोंद प्रकल्प, जालना.

विषय : घनसावंगी केंद्राच्या मापक खोलीतील लोखंडी खिळा काढण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपली उत्तरे.

महोदय,

केंद्राच्या आलेखावरील चुंबकीय क्षेत्राची रेषा ११ फेब्रुवारीच्या सायंकाळी एकदम अकरा नॅनोटेस्ला वर सरकली आणि वरच राहिली. सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा वारा पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो तेव्हा रेषा थरथरते, खाली येते, एक-दोन दिवसांत सावरते. ही सावरली नाही. कारण जमिनीवरचेच आहे.

१. त्या दुपारी केंद्राचे प्रभारी अंगद उढाण, माझे पती, यांचे मापक खोलीत हृदयविकाराने निधन झाले. प्राण गेला त्या जागी खिळा ठोकला की जीव घुटमळत नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. माझ्या सासूबाई उषाबाई यांनी सायंकाळी तेथे खिळा ठोकला. चुंबकमापकाला बाधा नको म्हणून त्या खोलीत बांधकामापासून लोखंड वापरलेले नाही. बिजागऱ्याही पितळी आहेत.

२. पहिल्या अर्जावर 'खिळा जडवस्तू नोंदवहीत नाही, सबब काढता येत नाही' असे कळविण्यात आले. दुसऱ्या अर्जावर, तो आधी नोंदवावा व आयुर्मान संपल्यावर निर्लेखित करून वहीतून कमी करावा, असे. खिळ्याचे आयुर्मान मला ठरवता आले नाही. अकरा वजा करून नोंदी पाठवाव्यात, ही सूचनाही पाळता येत नाही. खिळ्याचे चुंबकत्व उन्हाने आणि प्रत्येक सौरवादळाने थोडे बदलते. वजा काय करायचे ते रोज वेगळे असते.

३. मंगळाला असे सर्वव्यापी कवच उरले नाही. सौरवारा त्याची हवा अवकाशात नेत असतो. आपले कवच त्या वाऱ्याने किती दबते, त्याच्या खुणा अंगद यांना याच जमिनीवरून वर्षानुवर्षे सलग टिपायच्या होत्या. खिळा राहिला तर ती मालिका त्यांच्या मृत्यूच्या दिवशी संपते.

४. आपण आता कुटुंबाची संमती मागितली आहे. आपले नकार येत होते तोवर घरात मी हा विषय काढला नाही. परवाच्या सौरवादळात सासूबाई निधनानंतर प्रथमच केंद्रात आल्या. हलती रेषा पाहून, लोखंडानेही ती सरकते हे माझ्याकडून कळल्यावर, त्यांनी विचारले, "माझा खिळा कुठाय ह्याच्यात?" मी फेब्रुवारीतली ती उडी दाखवली. "म्हंजे तव्हापासून त्याचं काम बंदच पडून राह्यलं?" मी हो म्हणाले. त्या तिथेच खाली बसल्या. "मला सुदिक केसातल्या पिना काढल्याबिगर आत येऊ देत न्हवतं लेकरू," त्या म्हणाल्या. उठताना जे म्हणाल्या ते संमती म्हणून शब्दशः देत आहे :

"काढ माय तो खिळा. घुटमळला तर घुटमळू दे. त्याचीच खोली हाय."

परवानगीच्या प्रतीक्षेत,
साधना अंगद उढाण
सहायक निरीक्षक, घनसावंगी केंद्र
दि. २२ सप्टेंबर २०२५