राखेतली बिजागरी

छोट्या,

शेगडीतली राख काढताना दाराची एक बिजागरी सापडली. घासून ओट्यावर ठेवली आहे, नीट बघ. तू तर म्हणतोस, पाडलेल्या शाळेतली फळकुटं आणून जाळतोस. मग हिचा मधला स्क्रू पितळी कसा? लोखंडी बिजागरीत मधला तेवढा पितळी लावायची खोड आपल्या बाबांचीच. आणि त्यांच्या सुतारखान्याची किल्ली मागितली की तुझी नेमकी हरवलेली असते!

मी तिकडेच चालले आहे. किल्ली लागेल असं वाटत नाही. दार जागेवर असलं, तर येऊन तुझ्यासमोर स्वतःचे कान धरीन.

तोवर बाबांना शेगडीत लाकूड घालू देऊ नकोस. डोळ्यांना दिसत नसलं, तरी स्वतः रंधा मारलेली फळी ते बोटांनी ओळखतील.

ताई