‘घ’चं पुस्तक आणि दाराआडचं मुसळ

मी, मथुरा विठू शिवलकर, वय अडुसष्ट, राहणार मिरजोळे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र अंथरुणात बसून स्वहस्ते लिहीत आहे. माझा खुबा मोडला आहे, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणणारा एकच होता, माझा मुलगा ऋत्विक, आणि त्याचा उजवा हात सध्या प्लास्टरमध्ये आहे. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

१. घर. हे घर आणि त्याखालची जमीन माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. एमआयडीसीतल्या काजूच्या कारखान्यात जन्मभर काजू सोलले, चिकानं बोटं काळी करून घेतली, त्यातून ह्या जांभ्याच्या भिंती उभ्या राहिल्या. माझा नवरा कै. विठू मालवाहू बोटीवर खलाशी होता. त्याच्या पगाराचा ह्यात एक चिराही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ऋत्विक ‘माझ्या बापाचं घर’ म्हणत वाडीभर फिरतो. हे घर माझ्या पश्चात पूर्ण मालकी हक्कानं माझी सून सानिका हिला मिळावं. तिला इथून बाहेर काढायचा अधिकार कोणालाही नाही, तिच्या नवऱ्याला तर मुळीच नाही. हा कागद मुख्यतः एवढ्यासाठीच केला आहे.

२. पोस्टातली ठेवही सानिकाला. पितळेचा मोठा हंडा शेजारीण गंगुबाईला, कारण तिनं ऐकलं ते नेहमी खरं सांगितलं. दीर काशीराम यांना, मी मार खात असताना पडवीत बसून ‘वैनी, चाय’ अशी हाक मारत राहिल्याबद्दल, त्यांचा तो चहाचा कप. त्याचा कान तुटलेला आहे.

३. पुस्तकं. ह्यांच्याबद्दल सविस्तर लिहावं लागेल.

(मेलेल्या नवऱ्याला अहोजाहो करतात. ह्या कागदापुरती मी ती रीत मोडते.) मी चौथी शिकलेली. लग्नानंतर एकदा मासळी बांधून आणलेला पेपर वाचत बसले होते, तर विठू म्हणाला, “बाराखडी तरी येते काय गो तुला? निगाली वाचाया!” मला भयंकर राग आला. अ पासून ज्ञ पर्यंत प्रत्येक अक्षरावरून नाव सुरू होणारं एकेक पुस्तक वाचायचं, क्रमानं, आणि एक संपल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही, असं मी ठरवलं. ङ, ञ, ण, ळ ह्यांची पुस्तकं कुठून मिळणार? त्यांच्या वाट्याला एकेक सिनेमा. एसटी स्टँडमागचा रद्दीवाला सदू मला पुस्तकं शोधून देई.

विठू बोटीवर असला की अक्षरं भराभर पुढं जात. तो रजेवर आला की मार. ‘ई’च्या पानांवर माझ्या नाकाचं रक्त आहे. ‘ओ’ चालू असताना डावा कान गेला, तो गेलाच. मग मी पुस्तकं माळ्यावर आंब्याच्या अढीत, पेंढ्याखाली लपवू लागले. ‘घ’ लपवलं ते नेमकं हापूस पिकायच्या दिवसांत. पिकलेला आंबा चाचपायला तो अढीत हात घालणार, हे मला सुचलंच नाही.

‘घ’ म्हणजे घाटातल्या खुनाची रहस्यकथा. खुनी कोण ते शेवटच्या दोन प्रकरणांत होतं, आणि माझी तेवढीच राहिली होती. विठूनं ते पुस्तक पाणचुलीत घातलं, माझं मनगट पकडलं आणि माझा हातही त्याच विस्तवावर धरला. मी दुसऱ्या हातानं दाराआडचं मुसळ उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज गंगुबाईनं तिच्या अंगणात ऐकला. तो जन्मभर लंगडला. बोटीच्या जिन्यावरून पडलो, असं लोकांना सांगायचा. मला पश्चात्ताप नाही. असता तर इथं लिहिला असता.

बरा झाल्यावर तो बोटीच्या स्वयंपाकघरात लागला. माझं वाचन मात्र ‘घ’वर अडलं. नियम माझाच होता, तो मोडायचा कसा? सदूला ती रहस्यकथा काही मिळेना. वर्षं गेली. मग एकदा विठू रजेवर आला, आणि मी विहिरीवरून येऊन बघते तर खिडकीत ‘घ’. मुंबईच्या कुठल्याशा फुटपाथवरून शोधून आणलेलं. तो काही बोलला नाही, मी काही विचारलं नाही. त्यानंतर त्यानं हात उचलला नाही. हे प्रेम होतं की मुसळाची भीती, मला कळलं नाही. मला दोन्ही चाललं असतं. खून मेव्हण्यानं केला होता. पुढचं अक्षर ङ, म्हणून आम्ही दोघं सिनेमाला गेलो. तो लंगडत पुढं, मी मागं.

ऋत्विकनं बापाचं आधीचं रूप तेवढं उचललं. गेल्या महिन्यात आम्ही सासूसुना ‘ह’वर होतो. हत्तींचं पुस्तक. मी बांगडे साफ करत होते, सानिका वाचत होती, कळप नुकताच नदीत उतरला होता. ऋत्विक आत आला, त्यानं पुस्तक ओढून मधोमध फाडलं आणि मागचा अर्धा भाग विहिरीत भिरकावला.

“आधी घर माझ्या नावावर कर. मग वाच काय ती बुकं!”

“आधी हत्ती पलीकडं जाऊ देत,” मी म्हटलं.

त्यानं पट्टा काढून सानिकाच्या तोंडावर ओढला. तिचा ओठ फाटला. मी मध्ये गेले, तर मला पायऱ्यांवरून ढकललं. पडल्या जागेवरून मी एवढंच म्हटलं, “दाराआड बघ गो.” पुढचं सानिकानं केलं. पोलिसांत तक्रार दिली आहे. ऋत्विक सध्या सावर्ड्याला मित्राकडं आहे.

गंगुबाई म्हणाली, “मथुरे, पोटचा पोर हाय तो तुझा.”

“म्हणून तर तिनं हातावर घातलंन, डोक्यावर नाय.”

ही सगळी पुस्तकं, डागांसकट, सानिकाला. मुसळही तिलाच. ते माळ्यावर टाकू नये.

४. मला अग्नी सानिकानं द्यावा. तेराव्यापर्यंत घरात पोथी लावतात. माझ्यासाठी लावू नये. क्ष आणि ज्ञ ची पुस्तकं सदूनं आणून दिली आहेत, पण ‘ह’ पुरं झाल्याशिवाय त्यांना कोणी हात लावायचा नाही. ‘ह’ मला हयातीत मिळणार नाही. सदूकडं दुसरी प्रत असेलही, पण ती शोधू नकोस असं मीच त्याला सांगितलं आहे.

५. मुलगा ऋत्विक ह्याला माझ्याकडून फक्त ‘घ’चं पुस्तक. त्याच्या बापानं शोधून आणलेलं, तेच. आई मारकुटी होती असं त्यानं खुशाल सांगावं, पण ते वाचावं. माझा एकुलता एक पोर आहे, त्याची आठवण आली की जीव तुटतो, हेही इथं नोंदवते. ‘ह’ त्यानं स्वतः शोधावं. मिळालं तर न बोलता खिडकीत ठेवावं आणि अंगणातून मागं फिरावं. दार उघडायचं की नाही, हे सानिकाच्या मर्जीवर. ‘ह’नंतर ळ येतो. सिनेमाला कोणाला न्यायचं, एकटीनं जायचं की जायचंच नाही, तेही तीच ठरवील. मुसळ दाराआडच राहील.

ह्या कागदाची अंमलबजावणी वकील गुरुप्रसाद मयेकर यांनी करावी.

स्थळ: मिरजोळे, रत्नागिरी
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

मथुरा विठू शिवलकर
(अंगठा नाही, सही.)

मथुराबाईंनी आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत:

१. गंगुबाई बाबू कीर, शेजारीण
२. सदू रामा गोताड, रद्दीचे दुकान