बाबांची कवळी आणि माझं वेळापत्रक

१० फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. वेळेचा प्रश्न एकदाचा मुळापासून सोडवायचा. मला वेळ नाही असं नाही. आहे, पण विखुरलेला आहे. तो गोळा करायचा, बस. वही नवी, जाड पुठ्ठ्याची. पेनं तीन: निळं लॅबच्या कामाला, हिरवं घरच्या कामाला, लाल आत्मपरीक्षणाला.

पहिलं काम बाबांची कवळी. त्यांचे उरलेसुरले सहा दात डिसेंबरात काढले. परवा डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांची मापं घेतली. ती मी हक्काने मागून आणली. एकोणीस वर्षं डेंटल लॅबमध्ये कवळ्या करतोय. डॉक्टर लोक मापं पाठवतात, आम्ही दात बसवून परत पाठवतो. जगाच्या कवळ्या मी करायच्या आणि बाबांची परक्याने? लॅब सहाला सुटते. सहा ते सात हा तास बाबांचा. काम आठ दिवसांचं, पंधरा धरले. घाईत काम बिघडतं.

९.५०
वही लिहिता लिहिता लॅबला उशीर. पहिला दिवस म्हणून सूट.

१३ फेब्रुवारी, रात्री ९.०५
वेळापत्रक तयार. घरी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. बायको म्हणाली, छान आहे, पण कवळी कुठे आहे? तिला प्रक्रिया कळत नाही.

बाबा जवळ येऊन वाचत उभे राहिले. ते बसवर कंडक्टर होते, चाळीस वर्षं मोठ्याने बोलायचा पगार घेतला. आता दात नाहीत तर शब्दांतून नुसती हवा जाते. तरी बोललेच. म्हणाले, वेळापत्रक डेपोतही असायचं भिंतीवर, पण घंटा मारल्याशिवाय बस हलायची नाही. मी हसलो. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता, त्यामुळे ते हसले की नाही कळलं नाही.

संध्याकाळी बागेत बाकावर त्यांची चौकडी जमते. तिकडे जाणं त्यांनी सोडलंय. दात आले की जाईन म्हणतात. म्हणजे पंधरा दिवसांचा प्रश्न.

२१ फेब्रुवारी
टाइम-ऑडिट. दर पंधरा मिनिटांनी काय केलं ते लिहायचं. निष्कर्ष धक्कादायक. दिवसातले दोन तास दहा मिनिटं लिहिण्यात जातात. एवढी गळती आजवर लक्षातच आली नव्हती! बरं झालं ऑडिट केलं.

मालकांनी हटकलं. हातात मेणाची सुरी हवी तिथे पेन का, असं विचारलं. त्यांना आत्मपरीक्षण म्हणजे काय ते समजावलं. वीस मिनिटं गेली. लाल पेनाने नोंद: लोक मध्ये बोलतात.

३ मार्च, ६.२०
पंधरा दिवसांची मुदत संपून गेली. बाबांच्या मापाचा साचा अजून पिशवीतच. पण खचायचं नाही. कारण सापडलं. माझं टेबल! पसाऱ्यात बसून बापाचे दात करणं बरं नव्हे. आधी ड्रॉवर लावायचे.

५ मार्च
बाबांच्या तासात तीन दिवस ड्रॉवर लावले. दोन वर्षांपूर्वी हरवलेली बारीक सुरी मिळाली. समाधान वाटलं. बाबांचा साचा तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, स्वतंत्र कप्प्यात, वर चिठ्ठी: अत्यंत महत्त्वाचे. आता फक्त करायचं बाकी.

१६ मार्च
ताईचा फोन. ती लांब असते, दर आठवड्याला बाबांशी बोलते. म्हणाली, बाबा फोनवर नुसतं हं हं करतात, त्यांचा आवाज ऐकून महिना झाला, तू करतोयस काय? मी तिला तातडीची कामं आणि महत्त्वाची कामं यांतला फरक सांगू लागलो. मध्येच फोन कट झाला. रेंज नसावी.

२८ मार्च
डॉक्टरीणबाईंनी लॅबमध्ये फोन करून झापलं. दात काढल्यावर हिरडी आक्रसत जाते, माप शिळं होतं, सात आठवडे काय करताय? हे मला सांगतात! नव्या पोरांना हेच तर मी शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान. या शनिवारी नक्की, म्हणून शब्द दिला.

रात्री आत्मपरीक्षण. विषय: कळतं पण वळत का नाही? सात पानं झाली. लाल पेन संपलं. नवं आणल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

६ एप्रिल, रविवार
वाईट दिवस. जेवताना लेकीची मैत्रीण आली होती. बाबांनी ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवले. पातळ भात, तोही गिळून. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. हिरव्या पेनाने लिहून ठेवलं.

नंतर बायको म्हणाली, मला वेळापत्रक नको, रंग नकोत, एक तारीख द्या. मी सगळं मोजून, सुट्ट्या वजा करून ३० एप्रिल दिली. ती उठून ताटं आवरू लागली. पटलं असणार.

१८ एप्रिल, ६.४०
आठवडा वाया. सोमवारी बसणारच होतो बाबांच्या कामाला. साचा ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवलाही होता. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंकडून तातडीची केस. केस नंबर ३१४, वरची-खालची पूर्ण कवळी, चार दिवसांत हवी. मालकांनी माझ्याच गळ्यात मारली. केली. मेणातली ट्रायल, म्हणजे तोंडात घालून बघायची कच्ची कवळी, डॉक्टरकडे जाऊन आली, एका फटक्यात पास. आज चौथ्या दिवशी दुपारी रवाना.

काम मात्र झक्कास झालं. वरचा दोन नंबरचा, म्हणजे मधल्या दाताशेजारचा दात मी किंचित वळवून बसवतो. सगळे एका रांगेत बसवले तर तोंड कुंपणासारखं दिसतं. ही युक्ती आमच्याकडे माझी एकट्याची.

पण लोकांचीही कमाल आहे. कोण हा ३१४, त्याच्या घरच्यांना चार दिवसांपलीकडे धीर नाही. अशी माणसं मध्ये घुसतात आणि माझ्या बाबांचं काम मागे पडतं. चीड आली.

३० एप्रिल
तारीख आली. कवळी नाही. घरी जाताना वाटेत खुलाशाचे चार मुद्दे पाठ केले. कोणी विचारलंच नाही! बायकोने शांतपणे चहा दिला. बाबा रुमाल धरून खुर्चीत. चारही मुद्दे तसेच शिल्लक, पुढे कामाला येतील.

१९ मे
घरातलं वातावरण सुधारलंय. आता कवळीचा विषय कोणी काढत नाही. माझ्या पद्धतीवर त्यांचा विश्वास बसला, हे पहिलं फळ. ताईचीही कटकट थांबली. हल्ली ती बाबांना म्हणे दुपारी फोन करते.

बाबांची तब्येत सुधारली. गाल भरले. पातळ खाण्याचे फायदे लोकांना माहीत नाहीत. संध्याकाळी माझ्यासोबत वाटीभर सूप घेतात, भूक नाही म्हणतात. माझ्याशी बोलत नाहीत फारसे, रविवारी तर खोलीतूनही निघत नाहीत. वय झालं.

११ जुलै, ६.१५
नवी पद्धत वाचली. मोठ्या कामाची अगदी छोटी पायरी करायची आणि तेवढीच करायची. पायरी पहिली: साचा ड्रॉवरमधून बाहेर काढणे. काढला. पाहिला. परत ठेवला. वहीत टिक केली. वर्षातला सर्वांत यशस्वी दिवस.

१२ जुलै
पायरी दुसरी ठरवायची आहे.

३० ऑगस्ट
पायरी दुसरी ठरली नाही. वही भरत आली. पहिल्या पानापासून वाचली. सात महिने. कवळीवर एक मिनिट नाही. बाबांचा तास बाबांबद्दल लिहिण्यात गेला. वाचून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि मेण वितळवायला बर्नर पेटवला.

२ सप्टेंबर, ७.२०
लिहायला वेळ नाही. मेणाचा पाया झाला. वरचे दात बसले. हात आपोआप चालतात.

३ सप्टेंबर, दुपारी ३.३०
झालं! वरची-खालची, मेणात, पूर्ण. एकूण सहा तास. सहा तास! अर्धा दिवस रजा टाकली. घरी जाऊन बाबांच्या तोंडात ट्रायल घ्यायची, आजच. साडेसातला यायचा माणूस चारला दारात बघून घरचे थक्क होतील.

३ सप्टेंबर, संध्याकाळी ५.१०, घराखालचा बसस्टॉप
क्रमाने लिहितो.

जिन्यातच हसण्याचा आवाज आला. मोठा, घंटीसारखा. मला आधी वाटलं शेजारी कोणी आलंय. आमचंच दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत बाबांची बागेतली चौकडी, मध्ये खारे शेंगदाणे आणि सफरचंदाच्या फोडी. बाबा उभे राहून कंडक्टरीतला कसलासा किस्सा सांगत होते, फुल आवाजात, एकही शब्द न गळता. मग फोड उचलली आणि कचकन चावली.

त्यांना दात होते.

मी दारामागे होतो, त्यांना दिसलो नाही. ते पुन्हा हसले तेव्हा मला वरचा दोन नंबरचा दिसला. किंचित वळलेला. आपण बसवलेला दात माणूस ओळखतो. ३१४.

बायको पाण्याचे पेले घेऊन आली, तिने मला पाहिलं, माझ्या हातातली पिशवी पाहिली. पेले ठेवून मला जिन्यात घेऊन आली. हळू आवाजात सगळं सांगितलं. चिडली नाही, हे जास्त लागलं. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवले त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी ती बाबांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. नवी मापं घेतली. डॉक्टरीणबाई दुसऱ्या लॅबला पाठवणार होत्या, पण बाबा हटून बसले, माझे दात माझा पोरगाच करणार. तेव्हा बायकोने सांगितलं की मग वर नाव घालू नका, नुसता नंबर घाला. बाबांचं नाव दिसलं तर ड्रॉवरमध्ये जाईल. परक्याचं वाटलं तर चार दिवसांत होईल.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, बाबांनी शपथ घातली. म्हणाले, त्याला वाटू दे तो करतोय, नाहीतर पोर मनाला लावून घेईल. म्हणून रोज सव्वासातला दात काढून वाटीत ठेवतात आणि रुमाल घेऊन माझी वाट बघतात. साडेचार महिने. सूप फक्त माझ्यासाठी. आधी जेवलेले असतात.

मी म्हटलं, असं किती दिवस चालणार होतं? ती म्हणाली, बाबा म्हणतात, त्याची तयार झाली की तीच घालीन.

तयार झालेली माझ्या पिशवीत होती. फेब्रुवारीच्या मापावर केलेली. एका नजरेत कळतं, बसणार नाही. ज्या हिरडीची ती होती ती हिरडी आता नाही.

जिना उतरून इथे येऊन बसलो. रडलो. समोरून चार बस गेल्या.

३ सप्टेंबर, रात्री
साडेसातला घरी गेलो. बाबा खुर्चीत होते, तोंड आत गेलेलं, रुमाल धरलेला. खोलीत शेंगदाण्याचं एक टरफल नव्हतं. त्यांनी हवेच्या शब्दांत विचारलं, कुठवर आली? मी म्हटलं, झालीच जवळजवळ. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि सूप ओढलं. मीही ओढलं.

२८ सप्टेंबर, रविवार, सकाळी १०.४०, लॅब
बाबांना खरं सांगायचं ठरवलंय. गडबडीत नाही. नीट शब्द जुळवून, योग्य वेळ बघून. ती वेळ अजून सापडली नाही, शोध चालू आहे.

तोपर्यंत एक नियम केलाय आणि आयुष्यात पहिल्यांदा एक नियम पाळतोय. साडेसातच्या आत घरात पाऊल टाकायचं नाही. साडेतीन आठवड्यांत एकदाही चुकलेलो नाही. पाच मिनिटं आधी पोचलो तर खाली थांबतो. खिडकीतून वरचं बोलणं ऐकू येतं.

रविवारचा प्रश्न तेवढा राहिला होता. मी घरी असलो की त्यांना दिवसभर दात काढून ठेवावे लागतात. म्हणून आता कवळीचं काम काढलंय असं सांगून रविवारीही इथे येऊन बसतो.