उघडी टाकी

४ जानेवारी २०२५, शनिवार
वर्कशॉपमधून साडेपाचला सुटलो. उसाच्या ट्रॅक्टरांमागं मोटरसायकलवर तासभर. सासूबाईंनी चहा केला; लेक गेल्यापासून त्या इथंच आहेत. घरामागच्या टाकीत माशांना खाद्य टाकलं, खाल्लं नाही. गारठा वाढलाय.
धम्मप्रियाला जाऊन चाळीस दिवस.
भावाचा फोन — टाकी मोडून टाक, चिलापी धरणात हवी तेवढी मिळते. मिळते. पण शेततळ्यात थंडीनं मरते, हे त्याला सांगून सांगून धम्मप्रिया थकली होती. मी आज सांगितलं नाही.

६ जानेवारी
गावातले शेतकरी बडेसाब आले होते. त्यांच्या शेततळ्यातली निम्मी चिलापी उलटी तरंगली. धम्मप्रिया मॅडम यंदा थंडी सोसणारं मत्स्यबीज देणार होत्या, म्हणाले. मग स्वतःच ओशाळले.
तिची रीत साधी होती. सर्वांत गार तीन रात्री टाकी उघडी ठेवायची. तिसऱ्या सकाळी जे पोहतात त्यांच्या शेपटीचं टोक कात्रीनं कापायचं — ती खूण. तेच पैदाशीला. गेल्या वर्षी मला दया आली, मी टाकीवर पोती टाकली. दोन दिवस बोलली नाही. "वर्ष घालवलंस," एवढंच म्हणाली.
खुणेचे जुने मासे आता म्हातारे झालेत. यंदा निवड झाली नाही तर तिचं सगळं काम संपलं.

८ जानेवारी
घरी आलो तर टाकीवर ताडपत्री, वर धम्मप्रियाची गोधडी! सासूबाईंनी घातली. "लेकीचं मासं गारठत्यात की." एकही मेला नाही, म्हणून खूश होत्या.
मी ताडपत्रीला हात घातला. रीत समजावली. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी जे मरत्यात ते कच्चं. मग माझी लेक कच्ची व्हती व्हय, जावईबापू?"
हात काढून घेतला.
धम्मप्रियाला साधा ताप आहे, डॉक्टर म्हणाला होता. चार दिवस साधा ताप. मीही मान हलवली आणि कामावर गेलो. पाचव्या दिवशीही गेलो.

१० जानेवारी
सासूबाईंना त्यांच्या गावी सोडून आलो. गोधडी बरोबर दिली.
संध्याकाळी ताडपत्री काढून घडी केली.

११ जानेवारी
नऊ मेले.

१२ जानेवारी
आणखी अठ्ठावीस. बांधाला खड्डा करून पुरले. शेजारचा म्हणाला, बायको होती तोवर बरं चाललं होतं.

१३ जानेवारी
एकतीस पोहतात. शेपट्यांना कात्री लावली. उन्हाळ्यात बीज मिळेल, बडेसाबांना कळवलं.
एक आडवा पडला होता, कल्ले हलत होते. तिनं फेकला असता. मी पातेल्यात घालून आत आणला, थोडं थोडं कोमट पाणी ओतलं. हा पैदाशीला नाही. असाच राहील.
पातेलं ओट्यावर ठेवून भाकरी खाल्ली.