घोडीच्या गळ्यातला पट्टा

आई,

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तू पाळण्यात घातलेली माझी पोरं आता आजोबा झाली. मी दुसरीतून शाळा सोडली, म्हणजे तूच सोडवलीस, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर बोलू नकोस. परवा माझ्या नातसुनेनं मला एक पट्टा दाखवला. तिचं नगरला दुकान आहे. कपावर फोटो, उशीवर नाव, असलं काहीबाही छापून देते आणि लोक आनंदानं घेतात. आता हौसेनं भीमथडी तट्टं पाळणारी माणसं तिच्याकडं येतात. भीमथडी म्हणजे दुसरं काही नाही, आपल्या दारात लीद टाकून जायची तीच मेंढरंवाल्यांची बुटकी तट्टं, आता त्यांना मान आलाय. त्यांच्या मालकाला भेट द्यायची म्हणून घोडीचं नाव घातलेला पट्टा करून घेतात. पट्ट्याला चाप होता. दाबला की निघतो, दाबला की बसतो. मी म्हटलं, "अगं, हा कुणीबी काढंल की." ती म्हणाली, "आजी, काढता यावा म्हणूनच चाप असतो ना." पोरीचं काही चुकलं नाही. पण त्या दिवशी मला भाकर गेली नाही, आणि मला भाकर न जाणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे.

तुझ्या पट्ट्याला चाप नव्हता, बक्कल नव्हतं. माझा बाप मागावर घोंगडी विणायचा, चिंचोक्याच्या खळीचा वास घरभर, आणि उरल्यासुरल्या लोकरीचे तू पट्टे करायचीस. विकायला नाही, बायका भेट म्हणून करून घ्यायच्या. लग्न होऊन गेलेली बहीण भावाच्या घोडीला घालायची, लेक बापाच्या. लोकर त्याच घरच्या मेंढरांची पाहिजे, आणि आतून लावायला देणारीच्या अंगावरच्या जुन्या लुगड्याची पट्टी, म्हणजे घोडीची मान सोलत नाही. वर कवड्यांची खूण, ज्याची त्याची वेगळी. तू विचारायचीस, काय घालू? एकीनं सांगितलं होतं, "माझ्या भावजयीचं तोंड काढा, घोडीची नि तिची चाल एकच हाय." तू मान वर न करता म्हणालीस, "तेवढ्या मोठ्या तोंडाला माझ्याकडं कवड्या न्हाईत." अख्खं अंगण हसलं. पट्टा झाला की तू स्वतः जाऊन तो घोडीच्या गळ्यात दाभणानं शिवून यायचीस. आणि घोडी विकायची झाली तर तुलाच बोलावणं. आपल्याकडं जनावराबरोबर दावं देत नाहीत, तसा पट्टाही द्यायचा नाही. ज्या हातानं टाका घातला त्याच हातानं तोडायचा आणि पट्टा घरात खुंटीला. टाका तुटला नाही तोवर घोडी विकली असं कुणी म्हणत नव्हतं, व्यापारीसुद्धा.

मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा. त्याचं मी काय सांगू, तू माझ्याआधी उठून खडी फोडायला जात होतीस. माणसाला रेशनचा मिलो आणि कामावरची सुकडी तरी मिळाली, घोडीला कोण घालणार? मेंढरंवाल्यांची सगळी बिऱ्हाडं तट्टाच्या पाठीवर, भांडी, कोंबड्या, चालता न येणारी म्हातारी, नवी कोकरं. तीच तट्टं ते विकायला काढत होते, आलेल्या पैशात मेंढरांना कडबा घालून थोडे दिवस ढकलायला. आणि दर बाजाराच्या आदल्या दिवशी तुला बोलावणं. तू कातर पदरात बांधून पारनेरच्या माळानं निघायचीस, मी लेकरू काखेत घेऊन मागं, कारण नवरा कुठंतरी कामाला आणि मी तुझ्या दारात पडलेली. पुढं पुढं तू येताना दिसलीस की बायका तोंड फिरवायला लागल्या. एका म्हातारीनं तर तुझ्यासमोर थुंकून म्हटलं, "आली बया, कुनाचा गळा मोकळा करायला." मला राग आला. तुला आला नाही. तू म्हणालीस, "तिनं काय घोडीवर थुकायचं का?"

आणि त्यात तो एक म्हातारा. त्याची लेक माझ्या बरोबरीची, आम्ही एका वाटेनं शेण्या गोळा केलेल्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिनं बापाच्या घोडीला पट्टा करून घेतला. खूण काय घालू विचारलंस तर म्हणाली, तीन दगड घाला, चुलीचे, बाप मुक्काम पडला की आधी दगड मांडतो आणि मग कुठं आहोत ते बघतो. तीन कवड्या, तिकोनात. आतून तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ. पुढच्या दिवाळीला ती नव्हती, पहिल्याच बाळंतपणात गेली, मूल पण गेलं. म्हाताऱ्याला दुसरं कुणी नव्हतं. चार मेंढरं, ती तांबडी घोडी आणि तो.

तो उन्हाळ्यात आपल्या दारात आला. उकिडवा बसला, पाणी प्यायला.

"आक्का, उद्या बाजार हाय. टाका काढाया चल."

तू घोंगडीचा जुना धागा उसवत होतीस. "उद्या न्हाई जमायचं," म्हणालीस.

"मग कदी?"

"फुडल्या बाजाराला ये."

तो उठला. रागावला नाही, हुज्जत घातली नाही, उलट काय बाई, हलका होऊन गेल्यासारखा गेला. पुढल्या बाजाराला पुन्हा आला. पुन्हा तू, आज अंगात कसर हाय. त्याच्या पुढल्याला, कातर सापडत न्हाई. कातर तुझ्या मांडीखाली होती, मला दिसत होती. तो गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले.

"आये, काप की तो टाका! व्यापारी आज घेतोय, फुडं हाडं कोन घेनार हाय?"

"टाका माझा हाय."

"घोडी त्याची हाय! लेक गेली त्याची, आता तुझ्या टाक्यापायी त्यो जायाचा."

तू तेव्हा धागा खाली ठेवलास. "त्याच्या कंबरंला काय असतंय?"

"कातर."

"मेंढरं कातरायची, वीतभर पात्याची. मग?"

"मग काय? रीत हाय म्हनून तुझ्याकडं येतो."

"रीत!" तू हसलीस, ते हसू मला आवडलं नव्हतं. "अवंदा रीत कोन पाळतंय? वरल्या वाडीच्यांनी इळ्यानं पट्टं तोडलं, मला इचारलं बी न्हाई. त्याला इकायची असती तर त्यो माझ्या दारात आलाच नसता. त्यो माझ्याकडनं न्हाई म्हनून घ्यायला येतो."

मी म्हटलं, शहाणी आहेस लई. तुझ्या नाहीनं काय गवत उगवणार आहे का. मग आपण दोघी खडीच्या कामावर गेलो.

घोडी त्याच महिन्यात मेली. सांगायला तोच आला. "आक्का, आता चल." मीही आले, बघायचंच होतं मला तू काय करतेस. आटलेल्या ओढ्यात आडवी पडली होती, पोट फुगलेलं आणि बाकी सगळी हाडं, आणि कुत्री लांब बसून वाट बघत होती. तू कातर काढलीस आणि गुडघ्यावर बसलीस. पट्टा धरला, तर तो हातात फिरायला लागला. मान इतकी झिजली होती की पट्टा सैल पडून कानापर्यंत आलेला. तू नुसता ओढलास, आणि तो कानावरून, नाकावरून सरकत निघून आला. टाका जसाच्या तसा. कापायची गरजच नव्हती. गेले किती दिवस नसेल. घोडीच्या अंगाला लागून झोपणाऱ्या माणसाला हे दिसलं नसेल असं मला कुणी सांगू नये. तू त्याच्याकडं बघितलंस, त्यानं ओढ्याकडं बघितलं. तू पट्टा त्याच्या हातात दिलास.

मेंढरं त्यानं मग मातीमोल दिली, बिऱ्हाड वाहायला जनावर नाही तर कळपामागं जाणार कसा. तो आपल्याबरोबर खडीवर आला. तो पट्टा वळून डोक्यावर चुंबळ करायचा आणि तिच्यावर टोपली. हिरवा काठ उन्हानं पांढरा पडला. मुकादम म्हणायचा, "म्हातारबा, घोडी मेली तर आता तूच घोडी झालास व्हय?" आणि तो दात नसलेल्या तोंडानं हसायचा. एका दुपारी त्यानं टोपली उतरवली, लिंबाच्या सावलीला बसला तो बसलाच. जेवणाच्या सुट्टीत तू भाकरी घेऊन गेलीस तेव्हा कळलं. लोकांनी तिथंच पलीकडं त्याचं केलं. चुंबळ कुणी उचलली मला माहीत नाही. कुणाच्या तरी डोक्याखाली गेली असेल, चांगली लोकर होती.

पाऊस परत आला, मेंढरंवाले परत आले, काहींनी नवी तट्टंही घेतली. बायका लोकर घेऊन दारात. तू सगळ्यांना एकच सांगितलंस, खडी फोडून बोटं गेली माझी. बोटं गेली नव्हती. त्याच बोटांनी तू जोंधळ्यातले खडे वेचत होतीस आणि माझ्या पोरांचे कान पिळत होतीस. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस, आणि मरेपर्यंत दाभणाला हात लावला नाहीस. आता नातसून विचारते, आजी, तुमच्या आईचे पट्टे कसे असायचे, एखादा नमुना सांगा, गिऱ्हाइकं खूश होतील. मी तिला म्हटलं, मला काही आठवत नाही.

हे कुठं पाठवायचं नाही. घरात चूलही राहिली नाही, नाहीतर वाचून झालं की आत सारलं असतं. गादीखाली ठेवते, माझ्यामागं कुणी काढलं तर काढलं. तू चुकलीस असं मी तेव्हा म्हटलं होतं आणि आजही म्हणते. दया म्हणून माणसाला मरू देणं ही कसली दया. मी असते तर पहिल्याच दिवशी टाका कापला असता. घोडी दुसऱ्याच्या दावणीला गेली असती, मेंढरं तगली असती, आणि म्हातारा मला शिव्या देत का होईना, जगला असता.

फक्त एक आहे, आई. माझ्या दारात तो आलाच नसता.