टॉवरच्या आगाऊ नोंदी

२ फेब्रुवारी, सोमवार
मॅनेजर महिनाअखेर निवृत्त होतोय. खुर्ची माझीच. बावीस वर्षं कारखान्यातली मशीनं थंड ठेवणारा कूलिंग टॉवर सांभाळतोय. स्पर्धेत कोण, तर लॅबमधली केमिस्ट बाई! नोकरीला जेमतेम दोन वर्षं. संकल्प: पाणी वाचवून दाखवायचं. टॉवरमधलं जुनं पाणी थोडं थोडं सोडून ताजं भरतात, तो व्हॉल्व्हच आज बंद केला.

५ फेब्रुवारी
बचतीचा आकडा पाहून मोठे साहेब खूश. केमिस्ट बाई म्हणते, वाफ उडते, क्षार मागेच राहतात, पाइपांत थर बसेल. मी म्हटलं, बाई, तुम्ही पाटी-पेन्सिल धरत होतात तेव्हापासून मी हे पाणी नुसत्या हाताने ओळखतो. वहीत काहीतरी टिपून निघून गेली. पटलं असावं.

८ फेब्रुवारी, रविवार
बायको म्हणते, किटलीत पांढरा थर जमलाय, पाणी उकळता उकळत नाही, जरा बघा. सुट्टीच्या दिवशीही पाणीच! पुढच्या रविवारी.

१६ फेब्रुवारी, सकाळी
किटली राहिली. टॉवरच्या लॉगबुकात रविवारपर्यंतच्या नोंदी मात्र आजच लिहून टाकल्या. पाणी तेच, आकडे तेच. रोज जिना चढायला गुडघ्यांनी काय पाप केलंय? बाई चढते रोज नमुन्याची बाटली घेऊन. हौस! हात चालतच होता, म्हणून नवा मॅनेजर जाहीर होणार ते २७ तारखेचं या वहीतलं पानही भरून ठेवलं.

१८ फेब्रुवारी
मशीन तापून दोनदा बंद पडलं. उन्हाळा यंदा लवकर.

१९ फेब्रुवारी
टॉवर दिवसभर बंद. सगळं पाणी काढलं, पाइप उघडले. आत बोटभर पांढरा थर. हल्ली पाइपच चांगले मिळत नाहीत.

२० फेब्रुवारी
चौकशी. लॉगबुक मी ताठ मानेने पुढे केलं. साहेबांनी कालचं पान काढलं. कोरड्या ठणठणीत टॉवरचं पाणी, तापमान एकतीस, सगळं उत्तम. मग पान उलटून त्यांनी विचारलं, परवा पाणी कसं असेल हो? केमिस्ट बाई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
किटली बायकोनेच घासली. अर्ध्या तासात लख्ख.

२७ फेब्रुवारी
आज मॅनेजर झालो. टाळ्यांचा कडकडाट. घरी सांगितलं तेव्हा बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेच पान, संध्याकाळी
वरचं सोळा तारखेचं. टाळ्या बाईला मिळाल्या. सोमवारपासून तिच्या हाताखाली पाइप घासायचे. घरी सांगितलं. आगाऊ नोंदींपैकी शेवटची ओळ तेवढी खरी निघाली.