चहा कोण ओततं?

९ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून रेणुका यायला लागली. स्पीच थेरपिस्ट. पोरगी पंचविशीची, पण बसते हेडमास्तरणीसारखी. म्हणाली, "काकू, एका वेळी एकच क्रियापद घ्यायचं. या आठवड्यात पोअर. म्हणजे ओतणे. कोण ओततं, काय ओततं, कशात ओततं. वाक्यं तुमच्या घरातली हवीत, पुस्तकातली नकोत."
सगळं इंग्रजीत. अर्धांगाच्या झटक्यानंतर यांचं इंग्रजी आधी परत आलं, मराठी अजून नाही. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधीकधी. याच डायनिंग टेबलावर जन्मभर दहावीच्या बॅचला इंग्रजी शिकवलं, तेच तेवढं उरलं. पाणी येत नाही, वॉटर येतं.
मी बॅचला चहा द्यायचे आणि आत जायचे. आता आपणच बसा म्हणावं बॅचला, म्हातारपणी.

१० सप्टें.
पाठांतर. आय पोअर द टी. आय पोअर द मिल्क. लताताई पोअर्स द वॉटर. लताताई सकाळ-संध्याकाळ येतात, यांची आंघोळ, खाणंपिणं बघायला. त्यांना वाक्यात घातलं म्हणून सांगितलं तर खूश झाल्या.
जेवताना पानात वाढता वाढता म्हटलं, "आय पोअर द भाजी."
हे ताटाकडे बघत म्हणाले, "सर्व्ह."
भाजी वाढतात, ओतत नाहीत. मराठीत एवढं मलाही कळतं. पण दवाखान्यातून आल्यापासून कुणी न विचारता बोललेला हा पहिला शब्द, तोही माझी चूक काढायला. स्वभावाला औषध नाही. फार बरं वाटलं.

११ सप्टें.
आता मुद्दाम चुकते. "आय पोअर द पोळी." भुवया वर. "नो." "आय पोअर द चादर." "नो, नो." जुना आवाज लागला, वर्गातला. लताताई दारातून बघत होत्या.
"आय पोअर द साखर"ला मात्र गप्प. रेणुकाला फोन केला. चालतं म्हणे, डब्यातून बरणीत वगैरे. आपण साखर घालतो. इंग्रजांचं काय, सगळंच ओतणं.

१६ सप्टें., मंगळवार
रेणुकाने चाचणी घेतली. फोनवर फोटो दाखवायचा आणि विचारायचं, हू पोअर्स? दूधवाल्याचा फोटो, "मिल्कमन पोअर्स द मिल्क." बरोबर. माळी, बरोबर. मग माझा, किटली हातात धरलेला, मुद्दाम काढून घेतलेला. हू पोअर्स द टी?
बघत राहिले. ओठ हलले. "अ… अगं."
रेणुकाने फुली मारली. मी म्हटलं, काहीतरी म्हणाले ना? म्हणाली, "काकू, हे आपोआप निघणारे आवाज असतात. अरेरे, अच्छा, तसं. शब्द नाही धरायचा तो."
दूधवाला लक्षात आहे. तो महिन्यातून एकदा बिलाला दिसतो.

१८ सप्टें., गुरुवार
पाणी बंद. पिंप भरलेलं, मी तांब्यातांब्याने काढत होते. हे खुर्चीतून म्हणाले, "शी पोअर्स द वॉटर."
कोण शी? हू? विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागले. असो. शी तर शी.

२१ सप्टें., रविवार
निखिल आला, सून माहेरी. वाघोलीला त्यांच्या सोसायटीच्या मागे केअर सेंटर झालंय. बाग आहे, फिजिओ आहे, नर्स चोवीस तास. फोटो दाखवले. हॉटेल वाटतं.
"आई, तुझी कंबर गेलीय. बाबांना उठवताना परवा दोघं पडला असतात."
खरं आहे, पडलोच असतो.
"आणि ते तुला ओळखत असते तर मी बोललोही नसतो. ते दूधवाल्याचं नाव घेतात गं."
जागा धरून ठेवलीय म्हणाला. कोजागिरीनंतर सांगायचं.
गेल्यावर यांच्यासमोर बसून नाव घोकून घेतलं. "उज्ज्वला पोअर्स द टी." लगेच म्हणाले. दहा वेळा म्हणाले. स्वच्छ, खणखणीत, उदाहरणातल्या कुठल्यातरी बाईचं नाव घ्यावं तसं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
आत जाऊन रडले. कुकरच्या शिट्या चालू होत्या ते बरं.

२३ सप्टें., मंगळवार
रेणुकाला सांगितलं, नाव म्हणतात पण मी ती नाही.
ती म्हणाली, "घरी काका तुम्हाला काय हाक मारायचे?"
काय मारणार. लग्नात तांदळात अंगठीने माझं नाव यांनीच लिहिलं. मग उखाणा घ्या म्हणून सगळे मागे लागले, तर हे म्हणाले, "लिहिलंय की. पुन्हा कशाला?" त्यानंतर आजतागायत नाव घेतलेलं नाही. मीही यांचं नाही. रेणुकाला म्हटलं, "मी अहो म्हणते. ते…"
तिथेच थांबले. तिने वही उघडली.
"अगं म्हणायचे?"
मान हलवली.
फुलीवर गिरवून गिरवून बरोबरची खूण केली तिने. म्हणाली, "सॉरी काकू. माझ्या घरी आई-बाबा एकमेकांना नावाने हाक मारतात. माझ्या डोक्यातच नाही आलं."
तिच्या कशाला, माझ्या तरी कुठे आलं. इतकी वर्षं त्या हाकेला ओ दिली आणि नेमकी आता ओळखता आली नाही. निखिलला फोन केला. मीटिंगमध्ये होता, "वाव, मस्त" म्हणाला. रविवारी ये आणि स्वतः ऐक म्हटलं.
संध्याकाळी शिरा केला. आय पोअर द तूप.

२८ सप्टें., रविवार
निखिल आला. चहा टाकला, कप मांडले. तेवढ्यात बेल वाजली, इस्त्रीवाला. मी दाराशी. इकडे लताताईंनी आपली किटली उचलली आणि यांच्या कपात ओतला.
निखिलने विचारलं, "बाबा, हू पोअर्स द टी?"
हे लताताईंकडे बघून म्हणाले, "अगं पोअर्स द टी."
लताताई हसल्या. "मला रोजच म्हनत्यात, अगं. मी म्हनलं, म्हनू द्या, आजारी मानूस हाय."
रोजच. आणि मला सांगायचं सुचलं नाही बाईला. त्यांची तरी काय चूक.
निखिल उठला. कप धुऊन ठेवले त्याने. तो कधी कप धूत नाही.

३० सप्टें.
रेणुकाला सांगितलं. "काकू, हाक असेल किंवा नुसता आवाज, दोन्ही शक्य आहे," म्हणाली. हुशार आहे. डॉक्टर होईल.
वाक्यं घेतली नाहीत आज. मनच लागेना.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी
यांना लवकर झोप येते, म्हणून दिवेलागणीलाच दूध आटवलं. केशर, वेलदोडा, चारोळ्या यांना आवडतात त्या. चंद्र समोरच्या बिल्डिंगमागे. गच्चीवर जाण्याइतकी कंबर नाही, बाल्कनीतूनच दाखवलं दूध आकाशाला आणि पातेलं टेबलावर ठेवलं. बाल्कनीचं दार लावायला परत गेले.
लताताईंनी पेला भरायला घेतला. यांनी डाव्या हाताने पेला झाकला.
"नो."
"सर, दूध हाय. गोड हाय."
"नो." आणि मग बाल्कनीकडे तोंड करून, "अगं."
विचारल्यासारखं नाही. वाक्यातलंही नाही. चष्मा सापडत नसला की मारायचे तशी हाक.
तोंडातून आपोआप गेलं, "आले हो."
आले. पेल्यावरचा हात निघाला. "पोअर," म्हणाले.
ओतलं. थोडं बशीत सांडलं. हे बशीकडे बघत होते. बशीतलंही प्यायले.
लताताई म्हणतात, तुमच्या हातची सवय हाय त्यांना, आनि काय. असेलही.

८ ऑक्टोबर, बुधवार
निखिलचा फोन. वाघोलीवाले विचारतात, जागा हवी की दुसऱ्याला देऊ. परवाचं सांगितलं त्याला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, परत म्हणाले का?"
म्हटलं, नाही.
"विचारून बघितलंस?"
नाही बघितलं. लताताईंना पुन्हा दूध घेऊन पाठवायचं, मी दाराआड उभं राहायचं, सोपं आहे. रेणुकाही म्हणाली, करून बघा. मला नाही बघायचं. हाताने पेला झाकला नाही तर?
शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली.
लताताईंना सांगून ठेवलंय, बाकी सगळं तुम्ही करा, चहा मी ओतणार. किटली आता माझ्याजवळच असते.